शॉटकटची नवी आवृत्ती घेतल्यास दोन तासांच्या व्याख्यानाचे एक्सपोर्ट वेगाने आणि न तुटता होईल का?

कंदील (प्रश्न)

नमस्कार. आमच्या गावातील सार्वजनिक वाचनालयातर्फे दरवर्षी वसंत व्याख्यानमाला होते आणि गेली पाच वर्षे तिच्या चित्रीकरणाचे व संकलनाचे काम हौसेखातर माझ्याकडे आहे. मी या क्षेत्रात शिकलेला नाही. जे येते ते करून, बिघडवून आणि पुन्हा करून आलेले आहे, त्यामुळे प्रश्न बाळबोध वाटला तरी सांभाळून घ्यावे.

यंत्र असे आहे: इंटेलचा 6व्या पिढीचा चार कोअरचा आय5, 16 जीबी रॅम, जीटीएक्स 1650 ग्राफिक कार्ड आणि विंडोज 10. संकलन शॉटकट या मोफत सॉफ्टवेअरमध्ये करतो. आवृत्ती 2020 ची आहे आणि तेव्हापासून ती बदललेली नाही. जुनी व्याख्याने लहान करून ठेवण्यासाठी हँडब्रेक 1.3 वापरतो. मुख्य कॅमेरा समोर असतो, 1080 मध्ये सेकंदाला 25 फ्रेम्सवर, आणि बाजूच्या खांबापाशी एक फोन लावलेला असतो, ज्याच्यावरून वक्त्याचा चेहरा जवळून मिळतो.

अडचणी तीन आहेत. दोन तासांच्या व्याख्यानाच्या एक्सपोर्टला, म्हणजे संकलनातून तयार फाइल काढायला, तीन तासांहून अधिक वेळ लागतो. दुसरी अडचण अधिक त्रासदायक आहे: एक्सपोर्ट मधेच तुटते. यंदा दोन तासांचे एक व्याख्यान तीन वेळा लावले आणि तिन्ही वेळा 58 टक्क्यांवर थांबले. दुसरे 1 तास 55 मिनिटांचे होते, ते 61 टक्क्यांवर थांबले. अर्धवट तयार झालेली फाइल कोणत्याही प्लेअरमध्ये उघडत नाही. शेवटी दोन तासांच्या व्याख्यानाचे दोन तुकडे केले, तेव्हा ते पार पडले, आणि दोन्ही तुकड्यांना मिळून 3 तास 20 मिनिटे लागली. तिसरी अडचण म्हणजे फोनवरच्या चित्रात शेवटाकडे ओठ आणि आवाज यांची फारकत होते; सुरुवातीला मात्र सारे ठीक असते.

संगणक दुरुस्तीच्या दुकानातील परिचितांनी सांगितले की सगळेच जुने झाले आहे, शॉटकट नवे घ्या, एफएफएमपेग (चित्र-आवाजाच्या फाइल्स हाताळणारे सॉफ्टवेअर) 7 च्या पुढचे टाका, ड्रायव्हर नवा टाका, मग वेग दुप्पट होईल. हे खरे आहे का, आणि करायचेच तर कोणत्या क्रमाने करावे? माझ्याकडे जुन्या प्रकल्पांच्या चाळीसेक फाइल्स आहेत, त्या नव्या आवृत्तीत उघडतील ना, हीही धास्ती आहे.


निळी शाई

नमस्कार कंदील. प्रश्न बाळबोध मुळीच नाही, उलट तुम्ही टक्केवारीसकट लिहिले आहे, जे इथे फार थोडे लोक करतात.

दुकानातील परिचितांच्या सल्ल्यातला एक भाग आधी बाजूला काढू या. एफएफएमपेग वेगळे उतरवून संगणकावर टाकल्याने शॉटकटच्या वेगात काडीचाही फरक पडणार नाही, कारण शॉटकट स्वतःच्या पोटात स्वतःचे एफएफएमपेग घेऊन येते आणि बाहेरच्याकडे पाहतही नाही. हँडब्रेकचेही तसेच आहे. एप्रिल 2024 मध्ये आलेल्या एफएफएमपेग 7.0 ची ‘आता सगळे समांतर चालते’ अशी जी ख्याती झाली, ती त्याच्या कमांड लाइनवरील आज्ञेपुरती खरी आहे: त्या आवृत्तीपासून फाइल वाचणे, डिकोड करणे (उलगडणे), फिल्टर लावणे, एन्कोड करणे (दाबून लहान करणे) आणि लिहिणे ही कामे त्या आज्ञेत स्वतंत्र थ्रेडवर, म्हणजे एकाच वेळी, चालू लागली. शॉटकट ती आज्ञा वापरत नाही. ते एफएफएमपेगचे तयार कोडसंच (लायब्ररी) एमएलटी नावाच्या चौकटीतून वापरते, त्यामुळे तो लाभ आपोआप तुमच्या पदरात पडत नाही.

आता मूळ प्रश्न. एक्सपोर्ट म्हणजे एकच काम नसते, ती एक माळ असते: डिस्कवरून फाइल वाचायची, ती उलगडायची, तिच्यावर फिल्टर चालवायचे, मग एन्कोडरने दाबायचे आणि शेवटी डिस्कवर लिहायचे. या माळेतला जो मणी सर्वांत हळू सरकतो, त्याच्याच वेगाने सगळी माळ सरकते. नव्या आवृत्तीने एन्कोडर 20 टक्के वेगवान झाला आणि तुमचा अडलेला मणी फिल्टरचा असला, तर घड्याळात काहीच दिसणार नाही, आणि तुम्ही मात्र नव्या आवृत्तीला बोल लावत बसाल.

तुमचे आकडे पाहता मला तसाच संशय येतो. दोन तास म्हणजे 25 फ्रेम्सच्या हिशेबाने 1,80,000 फ्रेम्स. त्यांना 12,000 सेकंद लागले, म्हणजे सेकंदाला 15 फ्रेम्स. चार कोअरच्या 6व्या पिढीच्या आय5 वर साध्या व्याख्यानाचे 1080 चे चित्र एक्स264 या एच.264 प्रकारच्या एन्कोडरच्या मध्यम प्रीसेटवर (तयार मांडणीवर) याच्या कितीतरी पुढे जायला हवे. म्हणून अपडेटला हात लावण्यापूर्वी पुढील गोष्टी सांगाव्यात. प्रकल्पात कोणते फिल्टर लावले आहेत? एक्सपोर्ट चालू असताना टास्क मॅनेजरमध्ये सीपीयू किती टक्के दिसतो? तयार फाइल नेमकी कोणत्या डिस्कवर लिहिली जाते? आणि तुटलेल्या कामाच्या नोंदीत शेवटची ओळ काय आहे? शॉटकटमध्ये जॉब्सच्या पट्टीत त्या कामावर उजवी कळ दाबली की नोंद पाहण्याचा पर्याय येतो.

एक कृपा करा. त्याच व्याख्यानातील एकच तीन मिनिटांचा तुकडा मापासाठी निवडून ठेवा आणि पुढे जे काही बदलाल, ते त्या तुकड्यावर मोजा. दोन-दोन तासांची एक्सपोर्ट लावून अंदाज बांधण्यात उन्हाळा संपेल.


रात्रपाळी

मी लग्नाच्या चित्रफिती करतो आणि माझे मत थोडे कडवट आहे. हंगामात कशालाही अपडेट करू नये. तुमची व्याख्यानमाला चालू असेल, तर आत्ता हातही लावू नका.

दोन वर्षांपूर्वी ऐन लग्नसराईत मला सुबुद्धी सुचली आणि एका संध्याकाळी मी संकलनाचे सॉफ्टवेअर (विकत घेतलेले, नाव सांगत नाही), ग्राफिक कार्डाचा ड्रायव्हर आणि विंडोजचे प्रलंबित अपडेट असे सारे एकदम उरकले. सकाळी पाहतो तो एक्सपोर्टच्या यादीतून हार्डवेअर एन्कोडर (ग्राफिक कार्डावर चालणारा) गायब. त्यातच रात्री झोपण्यापूर्वी ‘उघडते का पाहू’ म्हणून चार प्रकल्प नव्या आवृत्तीत उघडून जतन करून ठेवले होते, त्यामुळे ते जुन्या आवृत्तीत उघडेनात. तिन्ही गोष्टी एका वेळी बदलल्या होत्या, तेव्हा दोष कोणाचा हे ठरवायलाच दीड दिवस गेला. शेवटी निघाले एवढेच की विंडोजने मी टाकलेल्या ड्रायव्हरवर स्वतःचा जुना ड्रायव्हर चढवला होता आणि नव्या सॉफ्टवेअरला त्याहून नवा हवा होता. नवरीकडची मंडळी रोज सकाळी फोन करत होती.

तेव्हापासून माझा नियम असा आहे की एका वेळी एकच गोष्ट बदलायची, तिच्यावर एक संपूर्ण काम काढून पाहायचे, आणि मगच पुढच्या गोष्टीला हात लावायचा.


कंदील

निळी शाई, रात्रपाळी, दोघांचेही आभार. व्याख्यानमाला गेल्या आठवड्यात संपली आहे, त्यामुळे प्रयोग करायला मोकळीक आहे. विचारलेल्या गोष्टी पाहून आलो.

फिल्टर: रंगाची थोडी दुरुस्ती, आणि ‘रिड्यूस नॉइज’ गटातील ‘वेव्हलेट’. वक्त्याने पडद्यावर चित्रे दाखवायला घेतली की सभागृहातील दिवे मालवले जातात आणि चित्रात दाणे दिसू लागतात, म्हणून तो लावतो. दरवेळी शोधत बसायला नको म्हणून तो संपूर्ण ट्रॅकलाच लावलेला असतो, हे लिहिताना आता जरा ओशाळल्यासारखे होते आहे.

सीपीयू: एक्सपोर्ट चालू असताना 30 टक्क्यांच्या पुढे जात नाही. मी आजवर हे चांगले लक्षण समजत होतो.

डिस्क: फाइल थेट पेनड्राइव्हवर लिहितो. वाचनालयाच्या सभागृहात एक टीव्ही आहे, त्यावर दर रविवारी सभासदांना व्याख्याने दाखवतात. तो टीव्ही फक्त त्या एका प्रकारे फॉरमॅट केलेला पेनड्राइव्ह ओळखतो, म्हणून 32 जीबीचा एक पेनड्राइव्ह कायमचा त्यासाठीच ठेवला आहे.

नोंद: शेवटी फ्रेम लिहिता आली नाही अशा अर्थाची ओळ आहे. अर्धवट राहिलेल्या फायलीचा आकार चारही वेळा साधारण 41 लाख 94 हजार केबी दिसतो. बिटरेट (चित्राच्या एका सेकंदाला खर्ची पडणारी माहिती) सरासरी 8 मेगाबिट ठेवलेला आहे.

तीन मिनिटांच्या तुकड्याला आत्ता बरोबर 5 मिनिटे लागली.


हिशेबवही

अहो कंदील, तुमचे एक्सपोर्ट शॉटकट तोडत नाही, पेनड्राइव्ह तोडतो आहे. 41 लाख 94 हजार केबी हा आकडा वाचला आणि मला हसूच आले, कारण हाच आकडा मी आमच्या कार्यालयात बॅकअपच्या निमित्ताने वर्षानुवर्षे पाहत आले आहे.

तुमचा टीव्ही ज्या ‘एका प्रकारे’ फॉरमॅट केलेला पेनड्राइव्ह मागतो, तो प्रकार जवळजवळ नक्कीच फॅट32 असणार. फॅट32 मध्ये कोणतीही एक फाइल 4 जीबीच्या वर जाऊ शकत नाही, कारण फाइलचा आकार नोंदवायला तिथे 32 बिटांचीच जागा आहे. पेनड्राइव्ह 32 जीबीचा असो आणि त्यातले 30 जीबी रिकामे असोत, एका फाइलची कमाल मर्यादा तीच राहते. एक्सप्लोररमध्ये पेनड्राइव्हवर उजवी कळ दाबून गुणधर्म पाहिलेत तर फाइल सिस्टिमपुढे तसे लिहिलेले दिसेल.

आता तुमच्याच आकड्यांवर ताळा करून पाहते. चित्राचे 8 मेगाबिट आणि आवाजाचे सुमारे 0.2, म्हणजे सेकंदाला 8.2 मेगाबिट. या गतीने 4 जीबी भरायला साधारण 4,190 सेकंद लागतात, म्हणजे 70 मिनिटांना काही सेकंद कमी. दोन तासांच्या व्याख्यानात 70वे मिनिट 58 टक्क्यांवर येते. 1 तास 55 मिनिटांच्या व्याख्यानात तेच मिनिट 61 टक्क्यांवर येते. तुमची दोन्ही व्याख्याने वेगवेगळ्या टक्क्यांवर नव्हे, तर एकाच मिनिटावर तुटत होती, आणि तुकडे केल्यावर प्रत्येक तुकडा तासाभराचा झाल्यामुळे तो मर्यादेच्या आत बसला. तुम्ही नवी आवृत्ती टाकली असती तरी ती याच मिनिटावर तुटली असती.

अर्धवट फाइल उघडत का नाही, याचेही कारण सरळ आहे. एमपी4 मध्ये कोणती फ्रेम फाइलमध्ये कुठे आहे याची अनुक्रमणिका सहसा सगळे लिहून झाल्यावर शेवटी तयार होते. लिहिणे मधेच थांबले की चित्र आणि आवाज फाइलमध्ये असतात, पण अनुक्रमणिकाच नसते, आणि प्लेअर बिचारा पहिल्या पानावरच अडतो. भारनियमनात वीज गेली तरी हेच होते. तुमच्याकडे यूपीएस नसेल, तर लांबलचक एक्सपोर्ट एमपी4 ऐवजी एमकेव्ही या प्रकारच्या फाइलमध्ये काढणे अधिक सुरक्षित, कारण ती फाइल मधे तुटली तरी तुटेपर्यंतचा भाग बहुधा पाहता येतो. नंतर तीच पुन्हा एन्कोड न करता एमपी4 च्या वेष्टनात टाकता येते आणि त्याला एखाद-दोन मिनिटे पुरतात.

उपाय म्हणाल तर पेनड्राइव्हचे फॉरमॅट बदलू नका, नाहीतर टीव्ही रुसेल. एक्सपोर्ट नेहमी संगणकाच्या आतल्या डिस्कवर काढावे आणि तयार फाइल मग पेनड्राइव्हवर नकलावी. स्वस्त पेनड्राइव्हची लिहिण्याची गती पाहता तो मणीही माळेत नकोच. दोन तासांची फाइल 4 जीबीच्या आत बसवायची, तर आवाज धरून सरासरी 4.7 मेगाबिटच्या खाली राहावे लागेल, आणि एका जागी उभे राहून बोलणाऱ्या माणसाच्या चित्राला तेवढे भरपूर होते. त्याहून चांगले म्हणजे बिटरेट ठरवून देण्याऐवजी गुणवत्तेवर आधारित पद्धत निवडावी. शॉटकटमध्ये एच.264 साठी 55 टक्के गुणवत्ता म्हणजे सीआरएफ (गुणवत्ता ठरवणारा आकडा) 23, जो एक्स264 चा मूळचाच आकडा आहे. मागचा पडदा आणि व्यासपीठ हलत नसल्यामुळे फाइल आपोआप लहान होईल.


निळी शाई

हिशेबवही, हा ताळा मी जपून ठेवणार आहे. मी नोंदीतली ओळ मागितली खरी, पण आकार विचारायचे मला सुचले नव्हते.

आता वेगाकडे वळू. सीपीयू 30 टक्क्यांवर रेंगाळतो आहे, याचा अर्थ चारपैकी एक कोअर राबतो आहे आणि उरलेले तीन त्याच्याकडून फ्रेम येण्याची वाट पाहत बसले आहेत. वेव्हलेट हा जड फिल्टर आहे. मापाचा तीन मिनिटांचा तुकडा तो फिल्टर बंद करून पुन्हा काढून पाहावा. वेळ झपाट्याने उतरला, तर अडलेला मणी सापडला असे समजा. मग व्याख्यानातील ज्या भागात दिवे मालवले होते, तेवढाच भाग टाइमलाइनवर कापून वेगळा करा आणि फिल्टर फक्त त्या तुकड्याला लावा. ट्रॅकला लावलेला फिल्टर दाणे असोत की नसोत, प्रत्येक फ्रेमवर इमानेइतबारे चालतो.

फोनच्या आवाजाचे दुखणे वेगळे आहे. फोन सेकंदाला ठरावीक फ्रेम्स देत नाही. उजेड कमी झाला किंवा फोन तापला की गती कमी-जास्त करतो, आणि संकलनाची टाइमलाइन ठरावीक गती गृहीत धरून चालते. म्हणून सुरुवातीला जुळलेले ओठ तासाभराने सुटतात. फोनची फाइल टाकताना शॉटकट एक खिडकी उघडून विचारते की ही फाइल बदलत्या गतीची आहे, संकलनाला सोयीच्या स्वरूपात बदलून देऊ का. मला दाट शंका आहे की तुम्ही आजवर ती खिडकी बंद करत आला आहात. यापुढे होकार द्या. त्यात तीन पायऱ्या दिसतात. व्याख्यानासाठी सर्वांत खालची पायरी पुरे, वरच्या दोन पायऱ्यांच्या फाइल्स डिस्क खाऊन टाकतात.

अपडेट करावे की नाही? करावे, असेच माझे मत आहे. रात्रपाळींचा अनुभव मी नाकारत नाही, पण त्यांची चूक अपडेट करण्यात नव्हती, तीन गोष्टी एका संध्याकाळी करण्यात होती, आणि ते स्वतःही तेच म्हणताहेत. 2020 पासूनच्या दुरुस्त्या तुम्हाला मिळालेल्या नाहीत. एक्सपोर्टच्या मधे प्रोग्रॅम बंद पडण्याची कितीतरी कारणे त्या काळात निकाली निघालेली असतात. फक्त अपेक्षा ठरवून घ्या: नव्या आवृत्तीकडून स्थिरता मागावी. तुमच्या बाबतीत वेग बहुतांशी फिल्टर आवरल्यानेच मिळेल.

क्रम असा ठेवावा. आधी सगळ्या प्रकल्पांच्या एमएलटी फाइल्सची एक प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये करा. त्या साध्या मजकुराच्या, छोट्या फाइल्स असतात, चाळीस फाइल्सना मिनिटही लागणार नाही. जुने प्रकल्प नव्या आवृत्तीत उघडतात. उलट दिशेची मात्र खात्री धरू नये, म्हणून मूळ प्रतीवर कधीही जतन करू नका. मग शॉटकटची झिपमधली आवृत्ती उतरवा, जी इन्स्टॉल न करता दुसऱ्या फोल्डरमधून चालते. जुनी आवृत्ती जागच्या जागी राहते आणि दोन्हींवर तोच तुकडा मोजता येतो. तिथे एक्सपोर्टच्या प्रगत पर्यायांत ‘पॅरलल प्रोसेसिंग’ चालू आहे का, हेही पाहावे.

ड्रायव्हर सगळ्यांत शेवटी, आणि तोही हार्डवेअर एन्कोडर वापरणार असाल तरच. नव्या एफएफएमपेगला एनव्हेंकसाठी (एनव्हिडिया कार्डावरच्या हार्डवेअर एन्कोडरसाठी) किमान एका ठरावीक क्रमांकाचा ड्रायव्हर लागतो. तो जुना असेल तर एक्सपोर्ट सुरू होताच थांबते, पण नोंदीत कोणता क्रमांक हवा ते स्पष्ट लिहिलेले असते, तेव्हा घाबरू नये. एनव्हिडियाच्या दोन शाखांपैकी खेळांसाठीची न घेता स्टुडिओची घ्या.


रात्रपाळी

चूक कबूल, तक्रार नाही. फक्त दोन गोष्टी जोडतो.

हँडब्रेकही नवे करणार असाल, तर आधी त्यातली रांग रिकामी करा आणि स्वतः बनवलेले प्रीसेट निर्यात करून ठेवा. त्यांचे कर्ते प्रत्येक आवृत्तीच्या टिपणात हेच बजावतात आणि लोक प्रत्येक वेळी ते न वाचता पुढे जातात. तसेच ते फक्त त्यांच्या अधिकृत पानावरूनच उतरवा. मे 2017 मध्ये त्यांच्या उतरवण्याच्या आरसा-सर्व्हरपैकी (फाइल्सच्या प्रती ठेवणाऱ्या सर्व्हरपैकी) एकावर कोणीतरी मॅकची फाइल बदलून तिच्यात प्रोटॉन नावाचा ट्रोजन (छुपा घातक प्रोग्रॅम) घातला होता, आणि 2 ते 6 मे या चार दिवसांत ती उतरवणाऱ्यांना त्याचा धोका होता. शेजारी दिलेला चेकसम (फाइल बदललेली नाही हे पडताळण्याचा आकडा) जुळवून पाहणे त्या दिवसांत ज्यांनी केले, ते वाचले. आम्ही मात्र ‘फ्री डाउनलोड’ म्हणणारे पहिलेच हिरवे बटण दाबून मोकळे होतो.

दुसरी गोष्ट एव्ही1 ची, म्हणजे चित्र दाबण्याच्या एका नव्या पद्धतीची. हँडब्रेकमध्ये 1.6 पासून, म्हणजे डिसेंबर 2022 पासून, एव्ही1 चे एन्कोडिंग आले आहे आणि फाइल खरोखरच लहान होते. पण वाचनालयाचा टीव्ही जर फॅट32 च मागत असेल, तर तो एव्ही1 कडे ढुंकूनही पाहणार नाही. सभागृहासाठी 2003 सालचे एच.264 च ठेवा. ते आजही वाट्टेल त्या डब्यावर चालते.


कंदील

सर्वांना नमस्कार. चार दिवस लागले, पण एका वेळी एकच गोष्ट बदलली आणि प्रत्येक वेळी तोच तीन मिनिटांचा तुकडा मोजला, तेव्हा आकडे जसेच्या तसे देतो.

पेनड्राइव्हच्या गुणधर्मांत फॅट32 च निघाले. जुन्या आवृत्तीत वेव्हलेट लावून 5 मिनिटे लागत होती, तोच फिल्टर काढल्यावर बरोबर 1 मिनिट लागले. मी दोनदा खात्री केली, कारण पहिल्यांदा मला वाटले की चुकून छोटा तुकडा निवडला गेला. नवी आवृत्ती झिपमधून चालवली आणि पॅरलल प्रोसेसिंग चालू केले, तेव्हा फिल्टरसह 3 मिनिटे 25 सेकंद आणि फिल्टरविना 55 सेकंद. याचा अर्थ नव्या आवृत्तीनेही फायदा दिला, पण तो मुख्यतः फिल्टरच्याच कामात.

हार्डवेअर एन्कोडर निवडल्यावर निळी शाई म्हणाले होते तसेच झाले: काम लगेच थांबले आणि नोंदीत ड्रायव्हरचा क्रमांक मागितलेला दिसला. दुसऱ्या दिवशी स्टुडिओ शाखेचा ड्रायव्हर टाकला. आता फिल्टरविना 40 सेकंद लागतात, पण फिल्टरसह 3 मिनिटे 20 सेकंद, म्हणजे जिथे घाई होती तिथे कार्डाने केवळ पाच सेकंद वाचवले. वाचनालयात ठेवायच्या प्रतीसाठी मी एक्स264 वरच राहायचे ठरवले आहे. 15 सेकंदांसाठी दोन प्रकारच्या फाइल्सचा हिशेब ठेवत बसणे मला जमणार नाही.

त्यानंतर ते हटवादी दोन तासांचे व्याख्यान पुन्हा घेतले. पडद्यावर चित्रे दाखवली तो भाग अवघा 12 मिनिटांचा निघाला. तेवढाच कापून त्याला वेव्हलेट लावला, गुणवत्ता 55 टक्के ठेवली आणि फाइल आतल्या डिस्कवर काढली. 47 मिनिटांत पूर्ण झाली, आकार 2.6 जीबी. रविवारी टीव्हीवर लावली. 70वे मिनिट जवळ आले तेव्हा मी उगाचच उठून टीव्हीपाशी जाऊन उभा राहिलो होतो.

फोनच्या फाइलबाबतही अंदाज बरोबर होता. ती खिडकी मी पाच वर्षे ‘रद्द’ म्हणून बंद करत आलो होतो. आता एक शंका उरली आहे. मागील वर्षांची जी व्याख्याने मी तशाच सुटलेल्या ओठांनिशी एक्सपोर्ट करून ठेवली आहेत, त्यांपैकी बऱ्याच व्याख्यानांच्या फोनवरील मूळ फाइल्स माझ्याकडे आता नाहीत. तयार एमपी4 वरूनच ते दुरुस्त करता येईल का?


हिशेबवही

येईल, पण हाताने. तुमच्या प्रकल्पात आवाज मुख्य कॅमेऱ्याचा असेल तर तो आहे तसाच राहू द्या, कारण तो बरोबर आहे. सुटलेले आहे ते फोनचे चित्र. जिथे जिथे फोनचे चित्र येते, तो तुकडा कापा, त्याचे चित्र आवाजापासून वेगळे करा आणि वक्त्याचा प, ब, म यांसारखा ओठ मिटणारा वर्ण पकडून चित्र मागे-पुढे सरकवा. फोनचा तुकडा पाच-सात मिनिटांचा असेल तर एकदाच सरकवणे पुरते, कारण तेवढ्यात फरक डोळ्यांत भरण्याइतका वाढत नाही. तुकडा लांब असेल तर दर दहा मिनिटांनी नवा काप घ्यावा लागेल. सरकवल्यामुळे तुकड्याच्या कडेला जी दोन-चार फ्रेम्सची पोकळी उरेल, ती मुख्य कॅमेऱ्याचे शेजारचे चित्र थोडे ताणून भरा.

आधी ज्या व्याख्यानांच्या मूळ फाइल्स तुमच्याकडे आहेत ती करून घ्या. ती नव्याने बदलून घेतलेल्या फाइलवर आपोआप जुळतील आणि तुमचा हात बसेल. आणि दुरुस्त केलेली प्रत जुनीवर लिहू नका, नावापुढे वर्ष आणि ‘दुरुस्त’ असे लिहून शेजारी ठेवा.